भिण्याची हौस

शिमग्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांमधून संकासुर फिरतो. अंगभर काळं कापड, डोक्यावर निमुळती उंच टोपी, कमरेला घुंगरं. तो वाडीत शिरला की पोरं ओरडत पळतात, पडवीच्या खांबाआड लपतात आणि तो पुढच्या घराकडे वळला की त्याला चिडवायला पुन्हा त्याच्याच मागे धावतात. त्या कापडाच्या आत वाडीतलाच कुणी काका आहे, हे दहा वर्षांच्या पोराला पक्कं ठाऊक असतं. तरीही तो पळतो आणि त्याची छाती खरीखुरी धडधडत असते. आईच्या कडेवरचं दोन वर्षांचं मूल मात्र किंचाळून रडू लागतं, तेव्हा सोंग घेतलेल्यालाच चार पावलं मागं सरावं लागतं. सोंग तेच, अंगणही तेच. त्या दोन मुलांच्या भीतीत फरक कशाचा, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. भयकथा वाचणाऱ्याला ‘का वाचतोस?’ म्हटलं की ‘मजा येते’ किंवा ‘थ्रिल असतं’ एवढंच उत्तर मिळतं. पण बायॉप्सीच्या रिपोर्टची वाट बघत दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसालाही घाम फुटतो, त्याचंही तोंड कोरडं पडतं आणि त्यात मजा नावालाही नसते. शरीराची भाषा दोन्हीकडे जवळजवळ सारखी. तेव्हा ज्या गोष्टीपासून आपण एरवी जीव घेऊन पळतो, तीच गोष्ट पैसे मोजून, दिवे मालवून, रात्रीची झोप पणाला लावून का मागतो, याचं उत्तर निव्वळ धडधडीत सापडणार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे, आणि भयकथेला दुय्यम साहित्य मानणाऱ्यांच्या ते लक्षात राहत नाही. भरताने नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले त्यांत भयानक आहे. त्याचा रंग काळा, त्याची देवता काळ, त्याचा स्थायी भाव भय. बीभत्सातून भयानक उपजतो, असंही त्याने म्हटलं आहे; आजच्या रक्तमांसाच्या सिनेमांचं सूत्र त्यात आलंच. भयानकाचे त्याने केलेले तीन प्रकार मला मात्र अधिक मोलाचे वाटतात: बतावणीतून येणारं भय, अपराधातून येणारं भय आणि अवचित दचकण्यातून येणारं भय. पुस्तकाची जुळवाजुळव करताना हे तीन खण मी पुन्हा पुन्हा वापरले. संकासुर पहिल्या खणातला. सिनेमात आरशामागून एकदम तोंड पुढे येतं ते तिसऱ्यातलं, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर विरणारं. मधल्या खणातलं भय सर्वांत खोल मुरतं. त्याच्याकडे पुढे येतो.

भय सुखद कसं होतं, याचा सर्वांत सूक्ष्म विचार काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी केला. त्यासाठी त्याने भूत, राक्षस, स्मशान यांतलं काहीच घेतलं नाही. घेतलं ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातलं हरीण. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे, हरीण मान वळवून मागे पाहत धावतं आहे. अभिनवगुप्त विचारतो, प्रेक्षकाला इथे जे जाणवतं ते कुणाचं भय? ते हरणाचं म्हणावं, तर हे हरीण खरं नाही आणि राजाही खरा नाही. आपलं स्वतःचं म्हणावं, तर आपण उठून पळायला हवं होतं. शत्रूचं भय असतं तर समाधान वाटलं असतं, मित्राचं असतं तर दुःख. यांतलं काहीच होत नाही. स्थळ, काळ आणि मालक यांच्यापासून सुटलेलं असं निखळ भय तिथे उरतं आणि प्रेक्षक ते चाखतो. कडेवरच्या मुलाचं भय त्याच्या स्वतःच्या मालकीचं असतं. दहा वर्षांच्या पोराचं तसं राहिलेलं नसतं.

हे उत्तर सर्वांना पटलं असं नाही. बाराव्या शतकात रामचंद्र आणि गुणचंद्र या जैन पंडितांनी ‘नाट्यदर्पणा’त सरळ सांगितलं की रस सुखाचेही असतात आणि दुःखाचेही. भयानक हा दुःखाचाच. मग लोक तो बघायला जातात कशाला? कवीच्या आणि नटाच्या कसबाने थक्क व्हायला. मला हे मत आवडतं, कारण त्यात ढोंग नाही. ‘कसलं घाबरवलंय!’ असं आपण म्हणतो त्यात भीतीइतकीच घाबरवणाऱ्याला दिलेली दाद असते. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली: वाचक दुसऱ्याच्या अवस्थेशी तन्मय होतो, पण आपलं स्वतःचं भान सोडत नाही. केळकरांच्या डोळ्यांपुढे भयकथा असण्याचं कारण नव्हतं. तरी तिच्या वाचकाचं याहून नेमकं वर्णन मराठीत मला सापडलेलं नाही. पुस्तकात बुडालेला असतानाच तो पायांवर पांघरूण ओढून घेत असतो.

युरोपातला प्रवास इथे भरभर सांगतो, कारण तो इतरत्र सहज वाचायला मिळतो. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेत भय आणि करुणा यांचं विरेचन पाहिलं. १७५७ मध्ये एडमंड बर्कने लिहिलं की धोका अंगाशी आला तर तो फक्त भयंकर, पण ठरावीक अंतरावर असला तर त्यातून एक उदात्त आनंद मिळतो. सातच वर्षांनी होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ने पडक्या किल्ल्यांची आणि तळघरांची गॉथिक कादंबरी सुरू केली. तिच्या सर्वांत लोकप्रिय लेखिकांपैकी एक, ॲन रॅडक्लिफ, हिने धास्ती आणि किळस यांत भेद केला: न दिसणाऱ्याची धास्ती मनाला रुंदावते, दिसलेल्याची किळस त्याला आक्रसून टाकते. मग १८१८ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’, एडगर ॲलन पो, १८९७ चा ‘ड्रॅक्युला’. १९१९ मध्ये फ्रॉइडने सांगितलं की सर्वांत भीतिदायक असतं ते अनोळखी नव्हे, तर ओळखीचं असून दडपलेलं आणि अवेळी वर आलेलं. तोदोरॉव्ह या समीक्षकाने १९७० मध्ये सगळा भर संभ्रमावर दिला: घडलं ते अमानुष होतं की मनाचा खेळ, हे न ठरण्यातच या साहित्याचा प्राण असतो. आणि १९९० मध्ये नोएल कॅरल या तत्त्वज्ञाने मांडलं की आपण भयाच्या ओढीने जातच नाही. अशक्य प्राण्याचं कुतूहल आपल्याला नेतं आणि भय ही त्याची किंमत असते. कॅरलचं म्हणणं ‘ड्रॅक्युला’ला लागू पडतं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना ते लावून पाहिलं की ते कोलमडतं. तिथे बहुतेक वेळा प्राणीच नसतो.

गेल्या काही दशकांत हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की भीतीने शरीरात उसळलेली खळबळ लगेच शमत नाही, आणि सुटका झाल्यावर तीच शिल्लक सुटकेचा आनंद वाढवते. पॉल रोझिनला मिरची खाणाऱ्यांकडे पाहून वेगळं सुचलं: जीभ धोक्याची घंटा वाजवते, मेंदूला ठाऊक असतं की धोका नाही, आणि या फसवणुकीवर मात केल्याचं सुख माणसाला मिळतं. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. पण मला सर्वांत आवडलेला अभ्यास डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांचा, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. भुताटकीचा देखावा म्हणून चालवल्या जाणाऱ्या एका वास्तूत शिरणाऱ्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके त्यांनी मोजले आणि भीती नि मजा यांचा मेळ घातला. भीती फार कमी तेव्हा मजा कमी, फार जास्त तेव्हाही कमी. मधे कुठेतरी शिखर. शास्त्रज्ञांनी आलेख काढून जे सिद्ध केलं ते संकासुराचं सोंग घेणाऱ्याला अनुभवाने येतं. कुणाच्या किती जवळ जायचं आणि कुणापासून मागे सरायचं, हे त्याला कळतं.

इथेच मला जे म्हणायचं आहे ते सांगून टाकतो. अंतर, भान, कुतूहल, सुटका ही सगळी उत्तरं बरोबर आहेत, पण त्यांत घाबरवणारा माणूस गळून पडतो. भिण्यातली मजा ही माझ्या मते विश्वासातून येते. ज्याच्या हाती आपण आपली भीती सोपवतो, तो ती कुठवर नेईल आणि तिथून परत आणून सोडील की नाही, याचा एक न बोललेला करार असतो. भुताच्या गोष्टी आजी सांगायची, मोठा मावसभाऊ सांगायचा. अनोळखी माणसाने रात्री वाटेत गाठून तीच गोष्ट सांगितली असती तर ऐकणारा धूम पळाला असता. या कराराचे प्रकार किती, तो कोण पाळतं, कोण मुद्दाम मोडतं, हे पाहत गेलं की मराठी भयसाहित्याचा नकाशा आपोआप उलगडतो.

त्या नकाशावर पहिला मुलूख लोककथांचा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या भुतांना नुसती नावं नसतात, पत्ते असतात. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, देवचार गावाच्या शिवेवर. वेताळ तर भुतांचा राजा असून देवही आहे. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाच्या पायाशी भक्त भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. गोव्यात आमोण्यालाही बेताळाचं देऊळ आहे. ज्याला भ्यायचं त्याच्याच भरवशावर झोपायचं, अशी ही व्यवस्था. करार इथे थेट भुताशीच केलेला. संस्कृतातून ‘वेताळ पंचविशी’च्या रूपाने मराठीत आलेला वेताळही विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्टीच सांगतो आणि शेवटी त्याचे प्राण वाचवतो.

पण याच मुलुखात भरताचा मधला खण भरलेला आहे. आपली भुतं नीट पाहा. मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा. बाळंतपणात मेलेली, हडळ किंवा जखीण झालेली बाई. अपुरी, अन्यायाने किंवा हेळसांडीने संपलेली आयुष्यं. ज्या समाजात बाळंतिणी सर्रास दगावत होत्या, त्या समाजाला बाळंतिणीच्या भुताचं भय वाटलं ते अपराधाचं भय होतं, असं मला वाटतं. जिवंतपणी जिच्याकडे कुणी पाहिलं नाही, तिच्या उलट्या पावलांकडे मग सगळा गाव पाहू लागला. आपल्या भुतांना जातही असते आणि धर्मही. मुंजा ब्राह्मण, खवीस मुसलमान. कोण कुणाला भीत होतं याचा हा दस्तऐवज आहे. तो वाचताना रम्य आठवणींचा सूर लावणं मला अवघड जातं.

छापील मराठी गद्यात अद्भुत पहिल्यापासून होतं. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांत राजवाडे, संकटं, योगायोग भरपूर. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने पुढे पिढ्यांना झपाटलं. मात्र घाबरवणं हाच हेतू असलेली कथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मासिकांनी आणि दिवाळी अंकांनी वाढवली. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ या तिघांतलं ‘नवल’ तर अद्भुत, भय आणि गूढ यांच्यासाठीच होतं. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांनी ती घराघरात पोचवली. समीक्षकांनी तिची दखल घेतली नाही, याची खंत करण्यात मी जागा घालवणार नाही. वाचकांनी घेतली.

या काळातले दोन मोठे लेखक म्हणजे नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०). दोघांची घराणी निराळी. धारपांचं भय बाहेरून येतं. आपल्या जगाच्या पलीकडे काहीतरी पुरातन, भुकेलं, निर्दय वाट बघत बसलेलं असतं आणि एखादं जुनं घर, एखादा वारसा, एखादा उत्सुक मूर्ख त्याला दार उघडून देतो. त्यांनी इंग्रजीतून मुक्तहस्ते घेतलं: ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे ‘इट’. उसनवारी लपणारी नाही, पण ती निव्वळ भाषांतराची नाही. धारपांचा वाडा, माजघर, सोप्यावरची माणसं, त्यांचं जपून आणि थोडं रुक्ष बोलणं हे सगळं अस्सल इथलं आहे. त्या रुक्षपणामुळेच पुढचं अघटित खरं वाटतं. आणि त्यांचा ‘समर्थ’! सगळी शास्त्रं कोळून प्यालेला, न डगमगणारा हा माणूस कथेत आला की वाचकाला कळतं, आता काही झालं तरी पहाट होणार. समर्थ हा कराराचा जामीनदार आहे. काही वाचकांना तो भाबडा वाटतो. मला वाटतं, तो असल्यामुळेच धारप इतक्या अंधारात उतरू शकले.

मतकरींनी हा जामीनदार काढून टाकला. आपल्या कथेला ते गूढकथा म्हणत. त्यांचं भय चाळीत, फ्लॅटमध्ये, नोकरी करणाऱ्या चारचौघांच्या घरात राहतं. ते मत्सराचं, एकटेपणाचं, मनात खोल पुरून टाकलेल्या एखाद्या कृत्याचं असतं. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘गहिरे पाणी’ हे संग्रह वाचून मिटले की खोलीतली वस्तू जागच्या जागी असते, पण तिच्याकडे बघवत नाही. तोदोरॉव्हचा संभ्रम मराठीत कुणी पुरता पेलला असेल तर मतकरींनी. गंमत अशी की हाच लेखक मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहितो, दिलीप प्रभावळकर त्यातली चेटकीण गाजवतात आणि काही दशकांनी वैभव मांगले त्याच चेटकिणीने पुन्हा नाट्यगृहं भरवतात. मुलांसाठी मतकरी करार अक्षरशः पाळतात. मोठ्यांना मात्र परत आणून सोडायला ते बांधील नाहीत; मोठ्यांनी आपली वाट आपण शोधायची. या दोन लेखनांकडे एकत्र पाहणारा विचार आपल्याकडे झाला नाही, तो या पुस्तकात थोडा झाला आहे.

तिसऱ्या एका घराण्याचा उल्लेख करून पुढे जातो: हसवत भिववणारं. ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू परदेशी बाहुल्याचा इथला अवतार, पण त्याला भ्यालेली मुलं शाळेत त्याचीच नक्कल करत फिरत. हास्य आणि भय एकमेकांना मारक, असं मानायची सवय अशा सिनेमांनी मोडली. ‘मुंज्या’ने २०२४ मध्ये तोच धागा उचलला.

आता भांडणाकडे. भयकथा अंधश्रद्धेला खतपाणी घालते, हा आक्षेप महाराष्ट्रात हलका नाही. जिथे अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला आणि त्याच वर्षी नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्धचा कायदा मंजूर झाला, तिथे भुताची गोष्ट सांगणाऱ्याने हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली तेव्हाही असाच वाद पेटला. माझं मत असं: भयकथा आणि भोंदूगिरी दोन्ही भीतीवर चालतात, पण उलट दिशांनी. भोंदू बाबा भीती तुमच्या मालकीची करतो, तुमच्याच मुलाला, तुमच्याच घराला बाधा झाली असं सांगतो आणि उतारा विकतो. चांगला भयकथाकार ती मालकी सोडवतो. म्हणून ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी लावून यूट्यूबवर रोज येणाऱ्या भूतकथा मला खटकतात. त्यांतल्या काही सुरेख सांगितलेल्या असतात. पण ऐकणाऱ्याच्या पायाखालचं भान काढून घेणं हीच त्यांची युक्ती असते, आणि त्या पाटीपासून बाबाच्या दारापर्यंतचं अंतर फार नाही. पुस्तकातल्या एका लेखाने याच्या नेमकं उलट म्हटलं आहे. ती पाटी ऐकणाऱ्यालाही खोटी ठाऊक असते, असा त्याचा दावा आहे. तो लेख मी आनंदाने घेतला.

हे पुस्तक आताच का, याचं एक कारण उघड आहे. ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला तेव्हा फारसा चालला नाही. २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक लोकांनी तिकिटं काढली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांच्या सांगण्यानुसार त्याचं बीज धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे आणि ती त्यांनी १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली. ‘आजी’मागे पुन्हा किंगची ‘ग्रॅमा’. अमेरिकेतली गोष्ट पुण्याच्या लेखकाकडे, तिथून विदर्भातल्या रानात एका मित्राच्या आवाजात, तिथून कोकणातल्या कल्पित वाड्यात आणि हिंदी पडद्यावर. भयकथा अशी तोंडातोंडी आणि हातोहात फिरते, तिचा मूळ मालक कोण हा प्रश्न फार काळ टिकत नाही.

दुसरं कारण महामारीचं. २०२० मध्ये माणसं घरात कोंडून घेऊन ‘कंटेजन’सारखे साथीचे सिनेमे शोधून शोधून बघत होती. भयपटांचे शौकीन त्या काळात मानसिकदृष्ट्या थोडे अधिक तगून राहिले, असं कोल्टन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासात दिसलं. भयपट पाहिल्याने माणूस कणखर होतो की मुळात कणखर माणसंच ते पाहतात, हे त्यावरून ठरत नाही, आणि भयकथेला औषध म्हणून विकण्याचा माझा बेत नाही. मतकरी त्याच साथीत, मे २०२० मध्ये गेले. खऱ्या भीतीच्या त्या महिन्यांनंतर कल्पित भीतीची मागणी ओसरेल असं अनेकांना वाटलं होतं. ती वाढली.

या पुस्तकात अभ्यासकांबरोबर कथाकार आहेत, एक नमन-खेळ्यांतला कलावंत आहे, एक मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि ज्यांना भयकथा अजिबात सोसत नाहीत अशा एक वाचकही आहेत. त्यांचा लेख मी मुद्दाम मागून घेतला, कारण न आवडणाऱ्याला काय होतं हे समजल्याशिवाय आवडणाऱ्याचं कोडं अर्धंच राहतं. सर्व भुतांची सूची, सर्व लेखकांचा इतिहास असा पसारा मांडलेला नाही. जी. ए. कुलकर्णींच्या कथेतलं भय वेगळ्या जातीचं, नियतीचं. त्याला हात घातला असता तर पुस्तकाची दिशाच पालटली असती, म्हणून ते सोडलं. दलित आणि ग्रामीण आत्मकथनांतल्या भूत-देवऋषींच्या प्रसंगांवर एकच लेख आहे. तो विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. विदर्भ आणि मराठवाड्याच्या मानाने कोकणाला जागा जास्त गेली आहे, हेही खरं.

लेख कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील. धारप-मतकरी ज्यांनी वाचलेले नाहीत त्यांनी मात्र आधी दोघांची एकेक कथा वाचावी आणि मगच इकडे वळावं. पुस्तकात अनेक कथांचे शेवट उघड केले आहेत. त्याला इलाज नव्हता.